आधी तक्रारीची वाट, मग व्यासपीठ

समलिंगी, बायसेक्शुअल किंवा ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांच्या छळाबद्दल जागृतीचा कार्यक्रम घ्यायचं एखाद्या महाविद्यालयानं ठरवलं, की पहिल्या बैठकीत चर्चा रंगते ती प्रमुख पाहुणे कोण, सभागृह कुठलं आणि पोस्टरवर काय लिहायचं याची. माझ्या मते नियोजनाला इथून सुरुवात करू नये. आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधावं. कार्यक्रम ऐकून दुसऱ्याच दिवशी एखादा विद्यार्थी तक्रार घेऊन आला, तर त्यानं नेमकं कोणाकडे जायचं, आणि त्याची तक्रार दडपली जाणार नाही, चव्हाट्यावरही येणार नाही, याची हमी कोण देणार? हे उत्तर हाताशी नसेल, तर कार्यक्रम महिनाभर पुढे ढकललेला बरा.

असं म्हणायला आधार आहे. युनेस्कोनं चेन्नईच्या ‘सहोदरन’ या संस्थेबरोबर तमिळनाडूत एक पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. शालेय जीवनात काय सोसावं लागलं, हे समलिंगी, बायसेक्शुअल आणि ट्रान्सजेंडर तरुणांनी त्यात सांगितलं आहे. माध्यमिक शाळेत मारहाण, धक्काबुक्की सोसलेले सुमारे साठ टक्के होते. छळापायी शाळाच सुटल्याचं सांगणारे जवळपास एक तृतीयांश होते. शाळेकडे तक्रार केलेले मात्र फक्त १८ टक्के. म्हणजे छळ होतो हे सोसणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. सांगून काही होईल हा भरवसा नव्हता. महाविद्यालयात हाच छळ जरा सफाईनं चालतो. हजेरीत एका मुलाचं नाव येतं, मागच्या बाकावरून विशिष्ट प्रकारची टाळी वाजते, वर्ग हसतो आणि शिक्षक पुढचं नाव घेतात. टाळी वाजवणारे दोघेच असतात, पण शिक्षक पुढच्या नावाकडे वळले की ती टाळी साऱ्या वर्गाची होते.

तक्रारीइतकंच गोपनीयतेला महत्त्व का, हे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या प्रकरणातून कळतं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत. मराठीत कविताही लिहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसांनी रात्री त्यांच्या घरात घुसून त्यांच्या खासगी क्षणांचं चित्रीकरण केलं. विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरसांनाच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली, आणि त्यानंतर आठवडाभरातच ते मृतावस्थेत आढळले. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्येच प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते. तरी परिसरात जाब विचारला गेला तो ज्याच्या घरात घुसखोरी झाली त्याला.

आज नियम बरेच स्पष्ट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत दुरुस्ती केली. त्यामुळे लैंगिक कल किंवा ट्रान्सजेंडर ओळख यावरून केलेला शारीरिक, मानसिक छळ आणि वाळीत टाकणंही रॅगिंग ठरतं. लैंगिक छळाविरुद्धचे आयोगाचे २०१५ चे नियम मुलग्यांच्या आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या छळाचीही दखल घेतात. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी आणि त्याचे पालक रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सही करतात. आपण नेमकी कशाची हमी दिली, हे त्यांतल्या बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं. कार्यक्रमाचा मुख्य विषय हाच ठेवावा. सत्र सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तो घ्यावा. वसतिगृहाचे अधीक्षक, कार्यालयातले कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांनाही बसवावं, कारण रात्री अकरा वाजता घाबरलेला मुलगा प्राचार्यांकडे जात नाही, फाटकावरच्या रक्षकाकडे जातो. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्यावेत. मोबाइलवर चित्रीकरणाला मनाई असावी. कोणत्याही विद्यार्थ्याला मंचावर येऊन स्वतःची ओळख जाहीर करायचा आग्रह करू नये. आपण होऊन बोलणाऱ्यालाही बातमी घरी पोचली तर काय, हे आधी विचारावं. आणि टाळी वाजली तर शेजारी बसलेल्यानं काय म्हणायचं, याचा सराव छोट्या गटांत करून घ्यावा.

यावर आक्षेप येतात. पहिला असा, की आमच्याकडे असं कोणी नाही. कोणी दिसत नाही, याचा अर्थ कोणी नाही असा होत नाही. सांगणं महागात पडतं, एवढाच होतो. दुसरा आक्षेप, हे परदेशी खूळ आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं मिळत. त्यावरून १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. त्याची नायिका महाविद्यालयात शिकणारी, एका मुलीवर प्रेम करणारी मुलगी आहे. विषय मराठीला नवा नाही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ज्यांच्या धर्मश्रद्धेला किंवा संस्कारांना हे पटत नाही, त्यांच्या मतस्वातंत्र्याचं काय? ते स्वातंत्र्य त्यांना आहेच, आणि कार्यक्रमात कोणाचं मत बदलायची सक्तीही नको. पण मत बाळगणं वेगळं आणि त्या मतापायी दुसऱ्याला वर्गात बसणं अशक्य करणं वेगळं. नियम दुसऱ्या गोष्टीला मनाई करतात. सर्वोच्च न्यायालयानंही समलिंगी संबंधांबाबतच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बहुसंख्यांच्या नीतिकल्पनांपेक्षा संविधानाची नीती वरचढ मानली. राहिला ‘सगळी गंमतच असते’ हा बचाव. त्यात गंमत होती की नाही, हे जिची चेष्टा झाली त्या व्यक्तीनं ठरवायचं.

म्हणून प्राचार्य, प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रतिनिधींना माझी विनंती आहे. कार्यक्रमाची तारीख ठरवण्याआधी रॅगिंगविरोधी समिती आणि अंतर्गत तक्रार समिती यांच्या सदस्यांची नावं आणि दूरध्वनी क्रमांक सूचनाफलकावर आहेत का, ते पाहा. त्याशेजारी राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक लावा. आणि कार्यक्रम झाल्यावर तक्रारी वाढल्या तर बदनामी झाली असं समजू नका. मुलांनी तुमच्यावर विश्वास टाकला, असा त्याचा अर्थ आहे.