मेण की सीलंट? : मोटारीच्या रंगाची राखण



मोटारीचा रंग ही सामान्यतः हौसेची बाब समजली जाते. यंत्र बिघडले तर मालक धावपळ करतो, टायर झिजला तर बदलून घेतो. परंतु रंग फिका पडू लागला तर 'गाडी जुनी झाली' एवढेच म्हणून स्वस्थ बसतो. वस्तुतः रंग हे मोटारीचे कातडे आहे. आतला पत्रा पोलादाचा. त्याची हवेशी आणि पाण्याशी गाठ पडू न देण्याचे काम हा रंगच अहोरात्र करीत असतो. तेव्हा त्याची निगा राखणे हा चैनीचा नव्हे, काटकसरीचा विषय आहे.

हा विषय नीट समजून घ्यायचा तर सुरतेच्या दक्षिण अंगाला असलेला उधना हा भाग डोळ्यांपुढे आणावा. जळगावकडे जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो. त्याच मार्गाने गेल्या अनेक दशकांत नंदुरबार, धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांतील असंख्य मराठी कुटुंबे येथे आली. कोणी यंत्रमागावर काम धरले, कोणी रंगाई-छपाईच्या कारखान्यात, तर कोणी लहानसे दुकान थाटले. आता यांपैकी कित्येकांच्या दारापुढे मोटार उभी असते. ती बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते. पुष्कळदा दुसऱ्याने वापरून विकलेली असते. आणि काहींच्या बाबतीत तर भाड्याने फिरून घर चालविणारी असते. बंद गॅरेजचे सुख थोड्यांनाच. बाकीच्यांच्या मोटारी गल्लीत किंवा सोसायटीच्या आवारात उघड्यावरच रात्र काढतात.

उघड्यावर उभ्या असलेल्या या मोटारीवर काय काय पडते, त्याचा हिशेब करू या. पहिले ऊन. वैशाखातल्या दुपारी काळ्या किंवा गडद रंगाचे बॉनेट ७० अंश सेल्सियसच्या आसपास तापू शकते. दुसरी राख. रंगाई-छपाईच्या कारखान्यांतील बाष्पके कोळशावर चालतात आणि त्यांची बारीक राख वाऱ्याबरोबर येऊन बसते. या राखेत सिलिका आणि अॅल्युमिना हे पदार्थ मुख्यत्वे असतात, आणि दोन्ही मोटारीच्या रंगाहून कितीतरी कठीण. तिसरी लोहमार्गाच्या बाजूची धूळ. रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात, रंगावर रुततात आणि तेथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर दिसणारे नारिंगी ठिपके बहुधा याच कणांचे असतात. चौथा खारा वारा, कारण अरबी समुद्र येथून दूर नाही. आणि पाचवा पाऊस, जो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जवळजवळ वर्षाचे सगळे पाणी ओतून मोकळा होतो. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक ही किरकोळ शत्रुसेना आणखी वेगळीच.

आता ज्याच्यावर हा मारा होतो तो रंग म्हणजे काय, ते पाहू. आजच्या बहुतेक मोटारींवर एकावर एक असे चार थर असतात. पत्र्याला चिकटलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. चारही थरांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन; त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे ज्या चकाकीचा मालकाला अभिमान वाटतो आणि जी खालच्या रंगाला उन्हापासून वाचविते, ती सारी केसाहूनही पातळ अशा पापुद्र्यात साठविलेली आहे. हा पापुद्रा एकदा घासला गेला की तो पुन्हा भरून येत नाही.

पूर्वीची स्थिती निराळी होती. मोटारींच्या आरंभकाळात रंग ब्रशाने लावीत आणि तो वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेत ड्युको नावाचा झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग निघाला आणि रंगकामाचा काळ एकदम आटोपशीर झाला. मात्र त्यावर आणि त्यानंतरच्या इनॅमल रंगांवर पारदर्शक थर नसे. ऊन खाऊन वरचा रंग भुरकट पडे आणि हात फिरविला तर भुकटी हाताला लागे. आपल्याकडे १९५७ ते २०१४ या काळात तयार झालेल्या अॅम्बॅसडर, किंवा मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाट आणि पद्मिनी मोटारी ज्यांनी सांभाळल्या, त्यांना हे ठाऊक आहे. पॉलिश लावले की फडक्यावर गाडीचा रंग उतरे, मेलेला थर निघून जाई आणि खालचा ताजा रंग उजळून येई. त्या रंगाला ती घासाघीस मानवत होती. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली निघून गेल्या. परंतु त्या काळची घासण्याची सवय मात्र गॅरेजांतून अद्याप गेलेली नाही.

म्हणूनच अनेकदा असे घडते. दिवाळीच्या तोंडावर मालक गाडी घेऊन जातो. रंगारी म्हणतो, "भाऊ, कंपाउंड मारून देतो, नवी करकरीत दिसेल." आणि ती दिसतेही. रबिंग कंपाउंडमध्ये बारीक घर्षक कण असतात. ते ओरखड्यांच्या कडा खरवडून पृष्ठभाग सपाट करतात, म्हणून चकाकी परत येते. पण ती क्लिअर कोटच्या भांडवलातून काढलेली चकाकी होय. ते व्याज नव्हे. दर दिवाळीला असे भांडवल काढीत राहिले तर काही वर्षांत टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे उमटतात आणि पापुद्रे सुटू लागतात. त्यानंतर मेणही उपयोगी पडत नाही आणि सीलंटही नाही. तो भाग नव्याने रंगविणे एवढाच उपाय उरतो. रंगाऱ्याची यात लबाडी असतेच असे नाही. जुने शिक्षण आणि नवा रंग यांचा मेळ बसलेला नसतो, इतकेच.

तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करावी. पॉलिश किंवा कंपाउंड काहीतरी काढून घेते. मेण आणि सीलंट काहीतरी चढवितात. दोन्हींचे डबे दुकानात शेजारी शेजारी असतात, नावेही सारखी वाटतात. म्हणून डब्यावरील मजकूर वाचून त्यात घर्षक आहे की नाही हे पाहूनच खरेदी करावी.

आता मूळ प्रश्न : मेण की सीलंट? मोटारीच्या मेणात नावाजलेले ते कार्नुबा. ईशान्य ब्राझीलमध्ये एका जातीच्या ताडाची पाने कडक उन्हात स्वतःभोवती मेणाचा थर धरतात, आणि पानातील ओलावा त्यामुळे टिकून राहतो. ही पाने तोडून वाळवितात, झोडपतात आणि गळून पडणारी भुकटी वितळवून मेण करतात. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते, आणि पॅराफिनचे अनेक प्रकार त्याहूनही लवकर. वरच्या ७० अंशांच्या बॉनेटशी हे आकडे ताडून पाहिले म्हणजे स्वस्त, मऊ मेण उधन्याच्या उन्हाळ्यात का टिकत नाही आणि उलट धूळ का धरून ठेवते, हे ध्यानात येते. शुद्ध कार्नुबा विटेसारखे कठीण असल्यामुळे डब्यातील लेपात ते द्रावकात आणि इतर मेणांत मिसळलेलेच असते. म्हणून 'शंभर टक्के कार्नुबा' या जाहिरातीवर फार भरवसा ठेवू नये. चांगल्या मेणाने रंगाला खोली येते, गडद रंग तर पाण्यात भिजल्यासारखे दिसतात. आयुष्य मात्र अल्प : साधारण दीड-दोन महिने, आणि आपल्या उन्हात व पावसात त्याहूनही कमी.

पेंट सीलंट हा रसायनांपासून कारखान्यात तयार केलेला पॉलिमरचा लेप होय. त्याची चकाकी काचेसारखी, थोडी कोरडी. मेणाची ऊब तिच्यात नसते. परंतु ऊन, पाऊस आणि धुण्याचे साबण यांपुढे तो मेणापेक्षा अधिक तग धरतो. चांगल्या सीलंटचा एक हात चार ते सहा महिने पुरतो. सिलिकावर आधारलेले सिरॅमिक लेप त्याहूनही टिकाऊ खरे. पण त्यांचा खर्च मोठा, पूर्वतयारी काटेकोर, आणि दगडाचा टवका किंवा खोल ओरखडा त्यांनाही थोपविता येत नाही.

निवड कशी करावी? डब्याकडे पाहून नव्हे, स्वतःच्या आठवड्याकडे पाहून. ज्याची गाडी छपराखाली राहते, जिचा रंग गडद आहे आणि ज्याला दर दीड महिन्याला रविवारची सकाळ तिच्यासाठी काढण्याची आवड आहे, त्याने खुशाल मेण वापरावे. त्या कामात आनंद आहे आणि तो आनंदही जमेस धरला पाहिजे. परंतु जो पाळीपाळीने कारखान्यात जातो किंवा दिवसभर भाडे मारतो, ज्याची गाडी उघड्यावर आणि बहुधा पांढरी आहे, त्याने सीलंट घ्यावे. वर्षातून दोनदा, म्हणजे एकदा मे महिन्यात पावसापूर्वी आणि एकदा पावसाळा सरल्यावर दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, ते लावले की त्याचे काम भागते. न लावलेल्या उत्तम मेणापेक्षा लावलेले मध्यम सीलंट केव्हाही चांगले. दोन्ही हवी असतील तर आधी सीलंट आणि ते पक्के झाल्यावर वर मेण, हाच क्रम ठेवावा. मेणावर सीलंट नीट धरत नाही.

लावण्याची रीत सोपी आहे. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असावा. ती धुऊन पुरती वाळवावी. मग हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून पृष्ठभागावरून बोटे फिरवावीत. खरखर लागली तर राख आणि लोहकण रुतलेले आहेत असे समजावे. ते काढण्यासाठी क्ले बार नावाची मातीसारखी मऊ वडी मिळते; ती ओल्या पत्र्यावर हलक्या हाताने फिरवावी. त्यानंतर लेप अगदी पातळ द्यावा, कारण जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही, पुसण्याचा त्रास मात्र वाढतो. त्यावर धूसर छटा आली की स्वच्छ मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसून घ्यावे. सीलंट पक्के होईपर्यंत, डब्यावर सांगितले असेल तितके तास, बहुतेकदा १२ ते २४, त्यास पाणी लागू देऊ नये. गॅरेजमध्ये नुकताच रंगविलेला भाग असेल तर रंगाऱ्याला विचारून एक ते तीन महिने थांबावे, कारण त्या रंगातील द्रावक अजून बाहेर पडत असतात. आणि जुन्या गाडीवर क्लिअर कोट आहे की नाही याची शंका असेल तर कोपऱ्यात किंचित पॉलिश घासून पाहावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर क्लिअर कोट नाही. गाडी पांढरी असेल तर फडके काळे घ्यावे.

पण मेण काय किंवा सीलंट काय, दोन्ही व्यर्थ ठरविणारी एक सवय घरोघर आहे. सकाळी निघण्यापूर्वी गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटाझटा पुसली जाते. ती धूळ म्हणजे मघाची कठीण राख. कोरडे फडके फिरविणे म्हणजे रंगावर पॉलिशपेपर फिरविण्यासारखेच आहे. उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे त्यातूनच येतात. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग फडके लावावे. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत मोटारीच्या शांपूचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळण्याचे. कपड्यांची धुण्याची पूड वापरू नये, ती लेप उतरविते. डिझेल किंवा रॉकेलचा हात फिरवून आणलेली चकाकी तासाभराची. ती मेण विरघळविते आणि नवी धूळ ओढून घेते. कूपनलिकेचे जड पाणी उन्हात वाळू दिले तर क्षारांचे डाग पडतात, म्हणून ते लगेच टिपून घ्यावे. दसऱ्याच्या पूजेचे हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठवणीने धुऊन काढाव्यात. त्याने भक्तीत उणे येत नाही.

लेप अद्याप जिवंत आहे की नाही, हे पाणीच सांगते. पत्र्यावर पाण्याचे टपोरे मणी जमून घरंगळले तर लेप काम करीत आहे; पाणी पसरून सपाट बसले तर पुन्हा हात देण्याची वेळ आली. ज्याला दोन डब्यांत निवड करवत नाही त्याने बॉनेटच्या एका अर्ध्यावर मेण आणि दुसऱ्या अर्ध्यावर सीलंट लावून एक पावसाळा जाऊ द्यावा. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा ते बॉनेट अधिक खरे बोलेल.

कष्टकरी कुटुंबात मोटार ही केवळ वाहन नसते. ती साठविलेली मजुरी असते. पुढे कधी मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी ती विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक सर्वांत आधी तिच्याभोवती एक फेरी मारते, आणि त्या फेरीतच अर्धा भाव मनात ठरवून मोकळे होते. वर्षातल्या दोन सकाळी आणि थोडा संयम एवढ्या भांडवलावर तो भाव राखता येतो. यंदाच्या मे महिन्यात उधन्यातल्या गल्ल्यांतून चार मालकांनी जरी कोरडे फडके बाजूला ठेवून आधी पाण्याची बादली उचलली, तरी त्यांच्या गाड्यांचा रंग पावसाळ्याला निर्धास्तपणे तोंड देईल.