गोड्या पाण्यातील मासे व कुर्ल्या : खावे कसे?

(वार्षिक संमेलनात सावंतवाडी येथे केलेले भाषण)



मृगाच्या सरी कोसळल्या की मासे चढणीस लागतात आणि व्हाळांत कुर्ल्या बाहेर पडतात. आपणां कोकणवासीयांस तो सणच होय. त्या आनंदात विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. सावधगिरीचे चार शब्द सांगावे, इतकेच.

प्रथम एक भय दूर करू. १९८८ साली ईशान्य भारतात माशांच्या अंगावर तांबडे डाग व व्रण पाडणारी साथ आली व पुढे अनेक प्रांतांत पसरली. पावसाळा सरून पाणी गार झाले की ती बळावते. मरळ तिला विशेष बळी पडते. बुरशीसारखा जो सूक्ष्म जीव तिला कारण होतो, तो मनुष्यास बाधत नाही. तथापि व्रण पडलेला मासा घेऊ नये. सडक्या मांसात इतर जंतू वाढतात.

खरा धोका डोळ्यांस दिसत नाही. फुप्फुसकृमी आधी गोगलगायीत वाढतो, मग गोड्या पाण्यातील खेकड्यात शिरतो आणि तो खेकडा कच्चा खाणाऱ्याच्या फुप्फुसांत घर करतो. मणिपूर, नागालँड, अरुणाचल येथे असे रुग्ण आढळले आहेत. खोकला व थुंकीतील रक्त पाहून कित्येकांस क्षयरोगी समजण्यात आले. क्षयाची औषधे या कृमीवर चालत नाहीत. प्राझिक्वांटेल हे औषध चालते. म्हणून अशा वेळी आपण काय खाल्ले, हे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

आपल्या माउलींच्या चुलीवर खदखदलेली, तिरफळाच्या वासाची आमटी निर्धोक आहे. चिंता आहे ती शेतावर निखाऱ्यांवर अर्धवट भाजलेली कुर्ली फोडून खाणाऱ्या मुलांची. आमसूल, लिंबू वा मीठ लावल्याने कृमी मरतीलच असे नाही. ते मरतात उष्णतेने. माशाचा गाभा निदान ६३ अंश सेल्सिअस तापावा. मांस पांढरे होऊन काट्यापासून सहज सुटले, की शिजले समजावे. कच्ची कुर्ली फोडलेली विळी, पाट व हात धुतल्यावाचून कोशिंबिरीस लावू नयेत.

मुलांस मासे धरण्यास आपण शिकवतो. ते पुरते शिजवून खाण्यासही शिकवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.