सारसांची जोडी आणि पुसलेली तार



शाळेंतून निवृत्त झाल्यावर मला पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद लागला, आणि त्यांतही जोडप्याचें चित्र घेण्याची हौस विशेष.

एका पक्ष्याचें चित्र हा नेमबाजीचा खेळ, दोघांचें म्हणजे संयमाची परीक्षा. पक्षी दूर असतात, म्हणून लांब पल्ल्याचें भिंग लागतें. मागचा पसारा धूसर व्हावा म्हणून भिंगाचें छिद्र मोठें ठेवावें, तर स्पष्टतेचा पट्टा इतका अरुंद होतो कीं, एक पक्षी रेखीव उमटतो व दुसरा धुक्यांत गेल्यासारखा दिसतो. छिद्र लहान करावें, तर दोघे स्पष्ट येतात, पण मागचें खांब, कुंपण सारें डोळ्यांत खुपूं लागतें. यावर खरा उपाय एकच: दोघे आपल्यापासून सारख्या अंतरावर येईपर्यंत स्वस्थ बसावें, आणि पार्श्वभूमि नडत असेल तर पाऊलभर बाजूस सरकावें.

परंतु आतां संगणकामुळें हे श्रम वांचतात. पडद्यावर बोट फिरवितांच नको ती वस्तु नाहींशी होते. या सोयीनें मला जो धडा दिला, तोच आज सांगावयाचा आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत मी गोंदिया जिल्ह्यांत गेलों होतों. महाराष्ट्रांत सारस आतां मुख्यतः तिकडेच, आणि तेही थोडके, उरले आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांत हा सर्वांत उंच. ताठ उभा राहिला तर पुरुषाच्या उंचीचा. भाताच्या बांधींत एक जोडी मान उंचावून सुरांत सूर मिसळीत होती. चित्र उत्तम आलें. मात्र मागें विजेची तार होती आणि कोपऱ्यांत वांकून काम करणारा शेतकरी. घरीं नातवाच्या मदतीनें मीं दोन्ही पुसून टाकलीं, आणि मूळ चित्र निष्काळजीपणानें गमावलें. उरलें निर्मळ आकाश व दोन पक्षी. पाहणाऱ्यांनीं वाहवा केली.

पुढल्या वर्षीं त्याची एक प्रत मीं त्या शेतकऱ्यास नेऊन दिली. त्यानें ती बराच वेळ न्याहाळली व म्हणाला, "गुरुजी, पाखरं चांगली आहेत, पण माझी बांधी कुठं गेली? अन् ती तार?" त्याच तारेला आपटून जोडींतला एक सारस मेला होता. तार हलवावी म्हणून अर्ज करावयाचा, तर त्याला जोडावयास चित्र हवें होतें. तें माझ्यापाशीं होतें, आणि मींच तें पुसलें होतें.

मीं निरुत्तर झालों. जो पसारा मला नडत होता, तोच त्या पक्ष्यांचा संसार होता: भात, पाणी, माणूस आणि मृत्युही.

तेव्हांपासून मीं स्वतःस नियम घालून घेतला आहे. उजेड-अंधार सारखा करावा, चौकट थोडी छाटावी. परंतु जें तेथें होतें तें पुसूं नये. पुसलेंच, तर तसें चित्राखालीं लिहावें, आणि मूळ चित्र जपून ठेवावें. घरट्याजवळ तर चित्रासाठीं जाऊंच नये. पक्षी बिथरून अंडीं उघडीं टाकतात.

आपल्या घरांतल्या मुलांच्या हातीं आज कॅमेरा आहे. त्यांस सुंदर चित्र काढावयास अवश्य शिकवा. पण आधीं खरें चित्र काढावयास शिकवा.