आधी भाकरी, मग संस्कृती?



आधी उत्पादन, मग वरकड, वरकडातून फुरसत आणि फुरसतीतून संस्कृती, अशी एक शिडी अर्थशास्त्राच्या व इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी दीर्घकाळ मांडली. शेती आली, कोठारे भरली, कष्टांपासून मुक्त असा एक वर्ग निर्माण झाला आणि त्याने कला, धर्म व विद्या यांना जन्म दिला, हा तिचा सारांश. नगरे, लिपी आणि राजसत्ता यांच्या उदयापुरती ही मांडणी बऱ्याच अंशी खरी आहे. परंतु संस्कृतीचा आरंभच तेथे आहे असे मानले, की कष्टकऱ्याला केवळ पोट असते, मन नसते, असा निष्कर्ष नकळत निघतो. त्याला फार जुने उत्तर निअँडरथल मानवाने देऊन ठेवले आहे.

जर्मनीतील निअँडर खोऱ्यात १८५६ साली या मानवाचे अवशेष सापडले. पुढे १९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे बराचसा पूर्ण असा सांगाडा मिळाला. त्यावरून मार्सेलँ बूल या नामवंत शास्त्रज्ञाने गुडघ्यांत वाकलेला, मान पुढे झुकलेला, बुद्धीने मंद असा प्राणी रंगविला. १९५७ साली स्ट्रॉस आणि केव्ह यांनी तो सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हा तो संधिवाताने जर्जर झालेल्या माणसाचा असल्याचे स्पष्ट झाले. निरोगी निअँडरथल ताठच चालत असे. मानवसमूहांची उतरंड रचणे साम्राज्यशाही युरोपच्या अंगवळणी पडले होते. म्हणूनच एका आजारी माणसावरून सबंध जमातीची पायरी ठरविणे कोणाला फारसे खटकले नाही.

आता नैऋत्य फ्रान्समधील ब्रुनिकेल गुहेकडे पाहावे. तोंडापासून ३३६ मीटर आत, जेथे सूर्यप्रकाश पोहोचणे शक्यच नाही, तेथे चुन्याच्या ठिबकण्याने जमिनीवर वाढलेले खांब तोडून त्यांची वर्तुळे रचलेली आहेत. सुमारे ४०० तुकडे, एकूण वजन दोन टनांहून अधिक, आणि जागोजाग अग्नीच्या खुणा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ही रचना सुमारे १,७६,५०० वर्षांपूर्वीची आहे. त्या काळी युरोपात निअँडरथलांखेरीज दुसरा मानव नव्हता. वर्तुळांच्या हेतूविषयी मतभेद आहेत. त्यामागील श्रमाविषयी नाहीत. कोणी उजेड धरला असेल, कोणी खांब तोडले असतील, कोणी वाहून नेले असतील. शेती मात्र अवघी अकरा-बारा हजार वर्षांची. म्हणजे कोठार नाही, पुरोहित नाही, फुरसतीचा वर्ग नाही. आणि तरीही शिकारीशी थेट संबंध न दिसणारे सामुदायिक कार्य आहे.

क्रोएशियातील क्रापिना येथील सुमारे १,३०,००० वर्षांपूर्वीच्या गरुडनखांवर कापल्याच्या व घासल्याच्या खुणा आहेत. ती दागिना म्हणून वापरली गेली असावीत, असे २०१५ साली मांडले गेले. स्पेनमधील तीन गुहांतील काही चित्रे ६४,००० वर्षांहून जुनी, म्हणजे निअँडरथलांची, असल्याचा दावा २०१८ साली झाला. त्या कालमापनावर काही संशोधकांचे आक्षेप आहेत. आफ्रिकेतील आधुनिक मानवही त्याच वाटेवर होता. मोरोक्कोतील बिझमून गुहेतील शिंपल्यांचे मणी सुमारे १,४२,००० वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून जुने आहेत. दोन्ही मानव शिकार करून आणि कंदमुळे वेचून जगत होते. साठवणुकीची श्रीमंती दोघांपाशीही नव्हती.

मग खूण कशातून जन्मली? याचा धागा इराकमधील शानिदार गुहेत सापडतो. तेथे १९५७ साली मिळालेल्या एका निअँडरथल पुरुषाचा उजवा हात निकामी होता आणि डाव्या डोळ्याजवळ जबर इजा झालेली होती. या जखमा भरून आल्या आणि तो पुढे अनेक वर्षे जगला. जो जितके मिळवील तितकेच त्याला मिळेल, हा नियम असता तर त्याचा निभाव लागणे कठीण होते. एकट्याची खूण ही खूण नसतेच. ती ओळखणारा दुसरा असावा लागतो. गळ्यातील मणी पाहणाऱ्यासाठी असतो. ज्या समूहात दुबळ्यालाही वाटा आहे, त्या समूहात असा दुसरा सदैव हजर असतो. संस्कृतीचे मूळ वरकडात नसून सहजीवनात आहे, असे मानण्यास येथे भक्कम आधार मिळतो.

२०१० साली निअँडरथलांच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. आफ्रिकेबाहेरील मानवांत त्यांचा एक-दोन टक्के वारसा आहे. तो भारतीयांतही आहे. ज्यांना पशुवत ठरविले, ते पूर्वजांपैकीच निघाले.

भाकरीचा प्रश्न दुय्यम आहे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. भुकेल्याला गाणे देऊन भागत नाही. परंतु भाकरी मिळेपर्यंत त्याला गाण्याची गरज नाही, हे म्हणणे अन्यायाचे आहे. जात्यावरची ओवी फुरसतीत रचली गेली नाही; ती दळताना, कष्टांच्या भरातच आली. म्हणून गावचे वाचनालय, शाळेतील चित्रकलेचा तास, कामगारवस्तीतील रंगमंच ही विकास पुरा झाल्यावर द्यावयाची बक्षिसे नव्हेत. अंदाजपत्रकात काटकसरीची कात्री सर्वप्रथम याच रकमांवर चालते, तेव्हा बूलची चूक नव्याने होत असते. समाजवादी चळवळीने धान्याची आणि या गोष्टींची मागणी एकाच निवेदनात, एकाच आग्रहाने केली पाहिजे.