कलापथक : सभेपूर्वीची करमणूक की सभाच?

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



चळवळीच्या इतिहासात कलापथकाच्या वाट्याला नेहमी शेवटची ओळ येते. ठराव, सत्याग्रह, पुढाऱ्यांची भाषणे यांची तपशीलवार नोंद होते. माणसे जमेपर्यंत ढोलकी वाजविणाऱ्यांचा उल्लेख मात्र ‘मनोरंजनाचाही कार्यक्रम झाला’ एवढ्यात आटोपतो. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची कहाणी पाहिली म्हणजे ही बेपर्वाई केवढी महाग पडली, ते ध्यानात येते.

या कहाणीचे मूळ सेवा दलाच्या फार मागे जाते. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते छापून निघावयास १९७९ साल उजाडले. नाटक होते, पण ते घेऊन गावोगाव हिंडणारी मंडळी नव्हती. ही उणीव पुढे सत्यशोधकी जलशांनी भरून काढली. साचा तमाशाचाच ठेवून त्यांनी शेटजी-भटजींची उलटतपासणी गावच्या पारावर मांडली. फुल्यांचे आद्य चरित्रकार पंढरीनाथ पाटील यांचा ग्रंथ चिखलीहून प्रसिद्ध झाला. तेव्हा हा वारसा बुलढाणा जिल्ह्याला परका नाही.

१९४१ साली सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे त्याचे कलापथक नावारूपास आले. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी ते जोपासले. पु. ल. देशपांडे यांनी त्याच्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले. विषय नावातच आहे! मते मागावयास निघालेल्या चळवळीने आपल्याच मांडवात पुढारीपणाची टर उडवू द्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. श्रोता भाषण ऐकताना मान खाली घालून बसतो. वग पाहताना तोच माणूस सोंगाड्याबरोबर पाटलाला, सावकाराला आणि मंत्र्यालाही हसतो. ज्याला आपण एकदा हसलो, त्याच्यापुढे पूर्वीसारखे वाकणे अवघड होते. कलापथकाचे राजकारण ते हेच.

हे काम कोणी केले? निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत आणि तुटपुंज्या पगारातून सेवा दलालाही पैसे देत. दादा कोंडके मुंबईत अपना बाजारमध्ये नोकरी करीत होते. पुढे १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले, १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ हा चित्रपट आला, आणि पथकात घडलेली ही माणसे व्यवसायात गेली. त्यांना दोष देणारे पुष्कळ निघाले. परंतु चळवळीने कलावंतांच्या पोटाचा विचार कधी केला होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही. उलट निळूभाऊंनीच चळवळीचा विचार केला : डॉ. श्रीराम लागू यांच्यासह ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, आणि त्यातून कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. ज्यांना करमणूक करणारे म्हणून बाजूला बसविले, त्यांनीच कार्यकर्त्यांची चूल पेटती ठेवली.

एक उणीव मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कलापथकाची गाजलेली नावे बहुतेक पुण्या-मुंबईची. वऱ्हाडात ते आले ते पाहुणे म्हणून. येथल्या बोलीत, येथल्या दंडारीच्या अंगाने बोलणारे कायमचे पथक चळवळीने येथे रुजविले नाही. १९७७ साली समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला, त्यानंतर तर हा विषयच मागे पडला.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या मदतीत विदर्भाचे सहा जिल्हे होते. त्यांत बुलढाणा होता. याच मातीतल्या सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ कादंबरीला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे विषय आहे, लेखक आहे, कापूस घरात आल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंत गावाच्या रात्रीही मोकळ्या आहेत. वऱ्हाडीत टोल्यास टोला देणारी पोरे कोणत्याही एस. टी. स्टँडवर भेटतात. त्यांना सभेपूर्वीचा अर्धा तास नव्हे, सबंध रात्र द्यावी लागेल. आणि वगातले पहिले सोंग पक्षाच्याच जिल्हा कार्यकारिणीचे निघाले, तरी ते पुढाऱ्यांना सतरंजीवर, लोकांत बसून पाहावे लागेल.