झाडू कुणाचा, रस्ता कुणाचा?



मागल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एका बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "गुरुजी, माझा मुलगा तालुक्याच्या गावी झाडलोटीला जातो. तो सरकारी नोकर, का ठेकेदाराचा माणूस?" मी विचारलं, "पगार कोण देतो?" बाई म्हणाल्या, "ठेकेदार. पण रस्ता नगरपालिकेचा आहे ना!"

प्रश्न साधा दिसतो. पण याच प्रश्नावर मोठमोठ्या कोर्टांत वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत. म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

आधी आपल्या माहितीतली गोष्ट घेऊ. १९७२ सालचा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. विहिरी आटल्या, जनावरं मेली, बायाबापड्या खडी फोडायला गेल्या. त्याच्याही आधी, १९६५ साली, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात वि. स. पागे यांनी एक प्रयोग करून पाहिला होता. जो काम मागेल त्याला काम द्यायचं, असा तो प्रयोग. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

या योजनेत एक गोष्ट ठरवून केली होती. कामावर ठेकेदार घ्यायचा नाही. पाटबंधारे, बांधकाम, शेती, जंगल अशा सरकारी खात्यांनीच मजूर लावायचे, मोजमाप घ्यायचं आणि मजुरी वाटायची. असं का? ठेकेदाराला काम लवकर उरकायचं असतं. तो यंत्र आणील, नाहीतर बाहेरून टोळी आणील. तळं खोदून होईल, पण गावातला माणूस उपाशीच राहील. इथे तर तळ्याइतकीच मजुरीही महत्त्वाची होती. पुढे २००५ साली दिल्लीत साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्यातही ठेकेदाराला बंदी घातली होती.

मग ठेकेदार गेला म्हणून सगळं चोख झालं का? नाही झालं. मस्टरवर कुठे कुठे खोटी नावं चढली. कामावर चाळीस आणि कागदावर साठ! मजुराला वाचता येत नव्हतं. तो अंगठा उठवायचा आणि मिळेल ते पैसे घेऊन घरी जायचा. कितीवर अंगठा दिला, हे त्याला ठाऊक नसायचं. हे खाणारे ठेकेदार नव्हते, सरकारी पगार घेणारेच होते. ही गोष्टही सांगितली पाहिजे.

आता ठेक्याचा हिशेब पाहू. समजा, रस्ते झाडायचं काम निघालं. निविदा मागवल्या. ज्याची रक्कम सर्वांत कमी, त्याला काम मिळालं. आता झाडलोटीत खर्च तो कशाचा? झाडू, टोपली, गाडी, डिझेल आणि माणसं. डिझेल स्वस्त देणारा कोणी भेटत नाही. मग काटकसर होते ती माणसांवर. दहांच्या जागी आठ लावायचे. मोजे, बूट द्यायचे नाहीत. प्रॉव्हिडंट फंड कापायचा, पण भरायचा नाही. सगळेच ठेकेदार असं करतात असं मी म्हणत नाही. पण जो करत नाही, त्याची रक्कम वर जाते आणि पुढच्या खेपेला त्याचं काम जातं. म्हणजे भला माणूस या बाजारात टिकायचा कसा?

मुंबईची गोष्ट ऐका. तिथे महापालिकेचा कचरा उचलायला ठेक्याची माणसं होती. तोच कचरा, तीच गाडी. पण कायम कामगाराला एक पगार आणि ठेक्याच्या माणसाला त्याहून फार कमी. महापालिका म्हणे, ही आमची माणसंच नव्हेत. कचरा वाहतूक श्रमिक संघ नावाच्या संघटनेने हा दावा लढवला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. महापालिका वरच्या कोर्टांत गेली. शेवटी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० सफाई कामगारांना कायम करायला सांगितलं.

आता पुढचं ऐका, हे खास आपल्या वर्गासाठी आहे. निकाल लागला, तरी पुष्कळांची कामं अडून राहिली. कारण काय? कागदोपत्री नावं जुळेनात! एका यादीत एक नाव, दुसऱ्या कागदावर जरा वेगळं. लिहिणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलं होतं. एका वेलांटीपायी माणूस परका ठरला.

ठेकाच वाईट, असंही मी म्हणणार नाही. आपल्या ओढ्यावर एकदाच पूल व्हायचा आहे. त्यासाठी सरकारने गवंडी, क्रेन आणि इंजिनिअर जन्मभर पोसावेत काय? तिथे ठेका ठीक आहे. "सरकारी काम आणि सहा महिने थांब" हेही काही उगाच म्हणत नाहीत. पण झाडलोट रोज आहे, दवाखाना रोज आहे, पाणी रोज सोडायचं आहे. जे काम कधी संपत नाही, त्याचा माणूस दर वर्षी नवा कसा? मला तरी हे पटत नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी एजन्सींमार्फत माणसं घ्यायचा हुकूम काढला होता. तरुण पोरं चिडली, मोर्चे निघाले आणि ऑक्टोबरमध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला.

आता बाईंच्या मुलाचं. बाई, तो आज कागदावर ठेकेदाराचा माणूस आहे. पण म्हणून नगरपालिकेचे हात मोकळे होत नाहीत. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी मूळ काम देणाऱ्यावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे कामगार कायदे लागू झाले, त्यांतही ते राहिलं. ठेकेदाराला परवाना लागतो, तो पूर्वी वीस कामगारांपासून लागे, आता पन्नासपासून लागतो. तेवढी सूट मात्र वाढली.

प्रॉव्हिडंट फंड कापत असतील, तर मुलाच्या नावाचा बारा आकडी नंबर असतो. त्या नंबरावर पासबुक पाहता येतं. कापलेले पैसे भरले की नाही, ते त्यात कळतं. मुलाला म्हणावं, पगाराची चिठ्ठी माग आणि तो नंबर कागदावर उतरवून आण. आधार कार्डही आण. चिठ्ठीवरचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर लावून पाहू. गुरुवारी वर्ग आहेच. वाचायचं मात्र बाई, तुम्ही.