ध्यान कशासाठी?



ध्यानाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे हिमालयातील गुहा येते. मी आज आपल्या बडोद्यातल्याच एका माडीवरच्या खोलीविषयी बोलणार आहे.

अरविंद घोष १८९३ साली सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले. तेरा वर्षे ते येथे होते. बडोदा कॉलेजात त्यांनी शिकवले, मराठीही शिकून घेतली. पुढे ते बंगालच्या राजकारणात उतरले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस दुभंगली आणि त्या धामधुमीतून ते पुन्हा बडोद्यात आले. येथे त्यांची गाठ विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याशी पडली. सरदार मजुमदारांच्या घरी, वरच्या खोलीत, दोघे तीन दिवस बसले.

लेले यांची सूचना अगदी साधी होती. विचार करू नका, मनाकडे नुसते पाहा. विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच परतवा. तीन दिवसांत अरविंदांचे मन निःशब्द झाले.

ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. ही शांती मिळाल्यावर अरविंद खोलीत बसून राहिले नाहीत. १९ जानेवारी १९०८ रोजी मुंबईत त्यांचे भाषण होते. मनात एकही विचार नाही, मग बोलायचे काय? लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. तसेच झाले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना अटक झाली आणि वर्षभर अलीपूरचा तुरुंग घडला. ते योगाकडे वळले होते तेच मुळी देशकार्यासाठी बळ मिळावे म्हणून. १९१०मध्ये ते पुदुच्चेरीला गेले आणि राजकारण सुटले, हे खरे. पण तेथेही १९१४पासून ‘आर्य’ मासिकासाठी त्यांनी वर्षानुवर्षे महिन्यामागून महिना लिहिले. शांत झालेले मन कामाला लागलेले होते.

आता थोडे घरचे सांगतो. माझी पत्नी बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. मी रोज पहाटे देवघरात अर्धा तास डोळे मिटून बसत असे. मन हलके होई, त्याचे समाधानही वाटे. एके दिवशी ती म्हणाली, “अहो, तिथे बसता तेव्हा तुम्ही इथे नसता, ते मी समजू शकते. पण उठून आल्यावरही इथे नसता.”

मला उत्तर सुचले नाही. ती बोले तेव्हा मी औषधांच्या वेळा आणि उद्याचा खर्च मोजत असे. अर्धा तास मिळवलेली शांती मी देवघरातच ठेवून येत होतो. तेव्हापासून एक केले. श्वासाकडे जसे लक्ष देत होतो, तसे तिच्या बोलण्याकडे देऊ लागलो. मन भरकटले की रागावायचे नाही, परत आणायचे, एवढेच. आसनावर शिकलो होतो ते हेच तर होते!

ध्यानाने या जन्मीच मुक्ती मिळते का, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. परीक्षा मात्र रोज घेता येते. आसनावरून उठल्यावर जे माणूस पहिल्यांदा समोर येईल, त्याचे बोलणे आपण पुरते ऐकतो का, एवढे पाहावे. माझे गुण अजून काठावरच आहेत.